पाण्यात श्वास सोडायला शिका: कुठल्याही वयात पोहायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

एप्रिलमध्ये सकाळी साडेसहाला पुण्यातल्या कुठल्याही तलावावर जाऊन उभं राहा. पाण्यात मुलांच्या बॅचचा कल्ला चाललेला असतो आणि कठड्यापाशी आई-बाबा, आजी-आजोबा टॉवेल आणि खाऊचा डबा घेऊन उभे असतात. त्यांतल्या कितीतरी जणांना स्वतःला पोहता येत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आता काय या वयात!" हा लेख त्यांच्यासाठी आहे. वयाच्या ४४व्या वर्षापर्यंत मीही त्या कठड्यापाशीच उभी होते.

माझी भीती विहिरीतली. सुट्टीत आजोळी गेलं की पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून मुलांना विहिरीत सोडायचे. कुणाला वाळका भोपळा, कुणाला पांगाऱ्याचं हलकं लाकूड. मी नऊ वर्षांची होते. माझ्या डब्याची दोरी सैल झाली, डबा सरकून पोटाकडे आला आणि मी पालथी-उताणी होत तीन-चार गटांगळ्या खाल्ल्या. लगेच कुणीतरी ओढून काढलं, मोठी माणसं हसली, त्यांच्या लेखी विषय संपला. माझ्या लेखी तो पस्तीस वर्षं संपला नाही.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, ही म्हण खरीच आहे. पण आपण होऊन पडणं वेगळं आणि कुणी ढकलणं वेगळं. घाबरलेल्या मोठ्या माणसाला "एकदा उडी मारा, भीती जाईल" असं सांगणाऱ्याचं मुळीच ऐकू नका. श्वास आपल्या ताब्यात आला की भीती जाते. उडीनं ती आणखी घट्ट बसते. गेली काही वर्षं मी आमच्या भागातल्या महिलांच्या बॅचला नव्यानं येणाऱ्या बायकांबरोबर उथळ बाजूला उभी राहते. तिशीतल्या मुली असोत की पासष्टी ओलांडलेल्या आजी, क्रम प्रत्येकीचा तोच ठेवते: आधी श्वास, मग तरंगणं, आणि हात-पाय सगळ्यांत शेवटी.

तलाव कसा निवडायचा

पुण्यात तलावांची वानवा नाही. डेक्कन जिमखान्याचा टिळक तलाव आहे, एस. पी. कॉलेजचा आहे, महापालिकेचे ठिकठिकाणी आहेत, शिवाय आता मोठ्या सोसायट्यांमध्येही छोटे तलाव असतात. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. तिथला ५० मीटरचा तलाव एकदा बघून यावा असा आहे. पण शिकण्यासाठी स्पर्धेचा तलाव नको, कारण असे तलाव बहुधा सगळीकडे खोलच असतात. तुम्हाला हवी ती अशी जागा, जिथे पाय टेकतात, पाणी छातीपर्यंत येतं आणि काठाची दांडी हाताशी असते.

पैसे भरण्याआधी एक दिवस नुसतं बघायला जा, तेही तुम्ही जी बॅच घेणार त्याच वेळेला. खोल बाजूच्या तळाच्या फरशीवरच्या रेघा वरून स्पष्ट दिसायला हव्यात. पाणी गढूळ असेल तर त्या तलावाचा नाद सोडा. बुडालेलं माणूसही अशा पाण्यात दिसत नाही. डोळे चुरचुरवणारा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ असल्याची खूण, असं अनेकांना वाटतं. खरं उलट आहे. क्लोरीनचा घामाशी आणि लघवीशी संयोग झाला की तो वास सुटतो. म्हणून तर तलावात उतरण्याआधी अंघोळ करायची असते, आणि ती नुसतं डोकं भिजवून उरकायची नसते.

मग जीवरक्षकाकडे बघा. त्याची नजर पाण्यावर आहे का? आणि शिक्षक पाण्यात उतरून शिकवतो की काठावरून शिट्टी वाजवतो? मुलांना काठावरून शिकवता येत असेलही. पण मोठ्या, घाबरलेल्या माणसाला सुरुवातीचे पंधरा दिवस शेजारी उभं असलेलं माणूस लागतं. एका शिक्षकामागे सहा-सातपेक्षा जास्त नवशिके दिसले तर मी दुसरी वेळ शोधायला सांगते. बायकांची स्वतंत्र बॅच असेल तर आणखी चांगलं. कपड्यांचा आणि नजरांचा ताण डोक्यात नसला की शिकणं निम्मं सोपं होतं.

एप्रिल-मे टाळलेला बरा. तेव्हा तलाव मुलांनी गजबजलेला असतो आणि घाबरट माणसाच्या तोंडावर सतत कुणाचं तरी पाणी उडतं. डिसेंबर-जानेवारीत उघड्या तलावाचं पाणी इतकं गार असतं की अंग आखडतं, आणि आखडलेलं अंग तरंगत नाही. माझ्या मते फेब्रुवारीअखेर किंवा शाळा उघडल्यानंतरचा जून हे दोन मुहूर्त चांगले. पावसात पोहायला हरकत नाही, मात्र विजा कडाडायला लागल्या की पाण्याबाहेर यायचं.

डॉक्टर, कपडे आणि गॉगल

रक्तदाब, हृदयविकार, दमा, फिट येण्याचा त्रास किंवा कानाच्या पडद्याला भोक असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. फिटचा त्रास असणाऱ्यानं एकट्यानं पाण्यात कधीच उतरू नये. मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी पोहू नये आणि पिशवीत ग्लुकोज किंवा साखर ठेवावी. बाकीच्यांनी आधी अर्धं केळं खाल्लं तर चालतं. भरपेट जेवणानंतर मात्र दोन तास जाऊ द्या.

शरीर साथ देणार नाही असं वाटणाऱ्यांना मी नेहमी मुरलीकांत पेटकरांची आठवण करून देते. मूळचे सांगली जिल्ह्यातले, सैन्यात बॉक्सिंग करणारे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. त्यानंतर ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण.

कपड्यांचं म्हणाल तर सुती काही नको. ते पाणी पितं, जड होतं आणि अंगाला ओढतं. नायलॉन-लायक्राचा पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा किंवा घोट्यापर्यंतचा पोशाख सहज मिळतो आणि त्यात पोहणं अडत नाही. टोपी लागतेच. केस आधी साध्या पाण्यानं भिजवून मग टोपी घातली तर क्लोरीनचं पाणी कमी शोषलं जातं. गॉगल दुकानातच तपासून घ्या: पट्टा न लावता नुसता डोळ्यांवर दाबा आणि हात काढा. क्षणभर चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. नाकाला चिमटा मात्र घेऊ नका. नाकानं श्वास सोडायला शिकणं हाच पहिला धडा आहे, आणि चिमटा तोच बंद करतो.

पहिला आठवडा: फक्त श्वास

घाबरलेलं माणूस पाण्यात तोंड घालताना छाती भरून हवा घेतं आणि ती धरून ठेवतं. वर आल्यावर त्या इवल्याशा क्षणात आधी जुनी हवा बाहेर टाकायची असते आणि नवी आत घ्यायची असते. दोन्ही जमत नाही. दोन-तीन वेळा असं झालं की छाती गच्च भरलेली असूनही जीव गुदमरतो. याचं कारण हवा कमी पडणं नव्हे. शरीरात साठत चाललेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला वाट मागत असतो. "मला दम पुरत नाही" म्हणणाऱ्या बहुतेकांचा दम पुरतो. तो सोडायला ते विसरलेले असतात.

म्हणून उथळ बाजूला दांडी धरून उभं राहा. तोंडानं साधा श्वास घ्या, खोल नको. हनुवटी पाण्यात, मग ओठ पाण्यात, आणि हळूहळू फुंकर. बुडबुडे यायला हवेत. हे दहा वेळा झालं की नाक पाण्यात. इथेच सगळे अडतात, कारण नाकात पाणी जाईल ही भीती.

यावरचा उपाय मला आमच्या बॅचमधल्या ६१ वर्षांच्या एका काकूंनी दिला. पहिले चार दिवस त्या दांडी इतकी आवळून धरायच्या की बोटांची पेरं पांढरी पडायची. ओठ बुडेपर्यंत ठीक, नाक टेकलं की झटक्यात वर. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "मी रोज सकाळी ओंकार करते. तो म्हटला तर चालेल का?" आणि ओठ मिटून, मकार लांबवत त्यांनी अख्खा चेहरा पाण्यात घातला. नाकातून बारीक बुडबुड्यांची माळ वर येत राहिली. मकार म्हणताना हवा नाकातूनच बाहेर पडते, आणि हवा बाहेर पडत असताना पाणी आत शिरत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या बाईला हेच शिकवते. मकार, लहानपणी करतो तो भुंग्याचा आवाज, काहीही चालेल. ओठ मिटलेले आणि आवाज नाकात घुमलेला, इतकंच बघायचं.

एक नियम कडक पाळा: वर आल्यावर चेहरा पुसायचा नाही. पाणी डोळ्यांवरून, ओठांवरून ओघळू द्या. पुसण्याची सवय लागली की हात दांडीवरून सुटतो, लय तुटते आणि पाणी शत्रूच राहतं. थेंब ओघळत असतानाच तोंडानं श्वास घ्या आणि पुन्हा खाली. न थांबता, न पुसता सलग ३० वेळा जमेपर्यंत पुढचं काहीही करू नका. कुणाला तीन दिवस लागतात, कुणाला पंधरा. घरी मोठ्या घमेल्यात कोमट पाणी घेऊन रात्री पाच मिनिटं केलंत तर फार फरक पडतो.

तरंगण्याआधी उभं राहणं

तरंगायला सगळेच शिकवतात. तरंगल्यावर पुन्हा उभं कसं राहायचं हे आधी शिकवणारे थोडे, आणि नवशिक्याची निम्मी धडपड तिथेच असते. पालथे असाल तर गुडघे पोटाशी घ्या, दोन्ही तळवे पाण्यावरून खाली दाबा, पाय खाली टेकवा आणि मगच डोकं वर काढा. घाईघाईनं आधी डोकं वर काढलं तर पाय मागे तरंगत राहतात आणि तोल जातो. शिक्षकाचा हात धरून हे दहा-पंधरा वेळा करा. आपल्याला हवं तेव्हा उभं राहता येतं, हे शरीराला पटलं की तरंगणं निम्मं आलंच.

आता छातीत हवा घेऊन, चेहरा पाण्यात, गुडघे कवटाळून कासवासारखे गोल व्हा. पाणी पाठीला वर उचलतं. बुडायचा प्रयत्न केला तरी बुडता येत नाही, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा बायका वर येऊन चक्क हसतात. मग हात-पाय लांब करून तळाकडे बघत पालथं पडायचं. मग उताणं.

उताणं तरंगणं लोकांना जास्त भीतीचं वाटतं, कारण कान पाण्यात जातात. शिक्षकाचा हात मानेखाली असू द्या आणि डोकं उशीवर टेकवल्यासारखं मागे सोडा. कानांत पाणी भरलं की शिट्ट्या, पोरांचा आरडाओरडा सगळा एकदम दूर जातो आणि स्वतःचा श्वास मोठ्यानं ऐकू येतो. पहिल्यांदा मी या आवाजालाच दचकून उठले होते. आता तोच ऐकायला मी पाण्यात जाते. हनुवटी आभाळाकडे, पोट वर, हात पसरलेले. मान वाकवून पायांकडे बघितलंत की कंबर खाली गेलीच.

सडपातळ, स्नायू घट्ट असलेल्या पुरुषांचे पाय खाली जातात. ते खचून जातात. चरबी पाण्यापेक्षा हलकी आणि स्नायू जड, त्यामुळे असं होणारच. त्यांनी हात डोक्याच्या वर लांब करावेत आणि पायांची हलकी हालचाल ठेवावी. जाड बाईला कॉश्च्युमची लाज वाटते, पण तरंगायला ती सगळ्यांत आधी शिकते.

पाय आणि हात

इथे मी थोडक्यात सांगते, कारण हे शिक्षकांकडून प्रत्यक्षच शिकायचं. भिंतीला पायानं रेटा देऊन बाणासारखं सरळ घसरत जाणं आधी पक्कं करा. पाय मारताना हालचाल मांडीच्या मुळातून हवी, घोटे सैल. सायकल चालवल्यासारखे गुडघे दुमडले की पाणी उडतं खूप आणि माणूस जागचं हलत नाही. रोज चालणाऱ्या-धावणाऱ्यांचे घोटे कडक असतात, त्यांना फळी धरून पाय मारताना पुढे सरकता येत नाही. आखूड फिन, म्हणजे पायांत घालायचे रबरी पंख, घातले तर त्यांना मदत होते.

फ्रीस्टाइलमध्ये श्वास घेताना डोकं उचलायचं नाही, वळवायचं. डोकं आणि पाय हा तराजू आहे: एक वर गेलं की दुसरं खाली. अंग कुशीवर कलंडतं, त्याबरोबर चेहरा वळतो, एक कान आणि गॉगलची एक काच पाण्यातच राहते. ओठाच्या कोपऱ्यातून श्वास घेतला की परत तळाकडे बघत मकार.

गुडघे दुखत असतील तर ब्रेस्टस्ट्रोकची बेडकासारखी लाथ नंतरसाठी ठेवा. खांदा आखडलेला असेल तर हात डोक्यावरून न फिरवता, उताणं पडून कमरेजवळ तळवे हलवत आणि पाय मारत जा. साठीनंतर शिकणाऱ्या कित्येक जणी एवढंच करतात आणि मजेत पूर्ण तलाव पार करतात. याला पोहणंच म्हणतात.

"२१ दिवसांत पोहायला शिका" असे फलक दिसतात. मुलांना जमत असेलही. मोठ्या माणसाला आठवड्यातून चार दिवस गेलं तर दोन-तीन महिने लागतात, असं मी पाहत आले आहे. मध्ये आठ-दहा दिवस असे येतात की काहीच जमत नाही, आलेलंही विसरतं. त्या दिवसांत बॅच सोडू नका. परत श्वासावर या, ३० बुडबुडे मोजा आणि घरी जा.

खोल बाजू

एक रुंदी पार केली की घरी पेढे वाटले जातात. माझं मोजमाप वेगळं आहे. पाय टेकत नाहीत अशा ठिकाणी, काहीही न धरता, तुम्ही पाच मिनिटं राहू शकता का? थोडा वेळ उभ्यानं पाय मारत, थोडा वेळ उताणं विसावत? आणि दम लागल्यावर काठाकडे झेप न घेता तिथेच उताणं होऊन श्वास जागेवर आणू शकता का? हे जमलं की तुम्हाला पोहता येतं. नाही जमलं तर चार लांब्या मारल्या तरी शिकणं बाकी आहे.

उभ्यानं तरंगताना पायांनी सायकलसारखी मोठी, संथ हालचाल करा आणि तळव्यांनी पाण्यावर लोणी पसरवल्यासारखे आडवे हात फिरवा. पहिल्या वेळी दांडीपासून हातभर अंतरावर, शिक्षक पाण्यात शेजारी. उडी सगळ्यांत शेवटी, आणि सूर तर कितीतरी नंतर. उथळ बाजूला सूर मारून मानेचं हाड मोडतं, हे तरुण मुलांना पुन्हा पुन्हा सांगायला हवं. तसंच पाण्याखाली किती वेळ राहता येतं याच्या पैजा लावू नका. भराभर खोल श्वास घेऊन बुडी मारली तर श्वास घ्यायची निकड जाणवण्याआधीच शुद्ध हरपू शकते, अगदी पट्टीच्या पोहणाऱ्याचीही.

धरण, नदी, कालवा

जुने पुणेकर मुठेत पोहायला शिकले. आज ते पाणी अंगाला लावण्याजोगं राहिलेलं नाही. मग तलावात नुकतं शिकलेली मुलं खडकवासला, मुळशी, पवनेकडे जातात, आणि दर वर्षी बुडाल्याच्या बातम्या येतात. धरणाच्या पाण्यात तळ दिसत नाही, गाळात पाय रुततो, दोन पावलांवर एकदम खोल होतं, आणि धरायला दांडी नसते. कालव्याला ओढ असते आणि काठ गुळगुळीत. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खा, भजी खा, पाण्यात उतरू नका.

बुडणारं माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला वर-खाली होतं, डोकं मागे कललेलं, आणि सगळं निमूटपणे मिनिटभरात उरकतं. म्हणून लहान मुलाला पाण्यात सोडून काठावर फोन बघत बसू नका. बाहूंना फुगे लावलेले असले तरी मूल हाताच्या अंतरावर हवं. डोळ्यांदेखत कुणी बुडत असेल तर नुकतं शिकलेल्यानं उडी घेऊ नये. बुडणारा गळ्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात. ओढणी, साडी, दोरी, काठी, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते टाका, आडवं झोपून ओढा आणि कुणाला तरी १०८ किंवा ११२ लावायला सांगा. बाहेर काढल्यावर पोट दाबून किंवा उलटं धरून गरगर फिरवून पाणी काढायच्या भानगडीत पडू नका, त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर माणसाला उताणं ठेवा, हनुवटी वर उचला, नाक दाबून आधी तोंडानं श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर जोरात आणि भराभर ३० दाब, पुन्हा २ श्वास, मदत येईपर्यंत. तुमच्या तलावावरच्या जीवरक्षकाला हे येत असतं. एखाद्या दिवशी पाण्यातून बाहेर आल्यावर दहा मिनिटं थांबून त्याच्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्या.